मुकादमाची हाक

रघू मुकादमाच्या आवाजाला आजवर कुणी नावं ठेवली नव्हती. नावं ठेवण्यासारखं त्याच्यात दुसरं बरंच होतं. तो चहा फुरके मारत प्यायचा, जत्रेत हमखास हरवायचा, आणि एकदा गप्पांना बसला की घरातलं सगळं बाहेर ओतून मोकळा व्हायचा. पण आवाज म्हणजे आवाज. भिवंडीजवळ वडप्याच्या अलीकडे हायवेला लागून गोदामांची जी रांग आहे, तिथल्या सात नंबरच्या गाळ्यात त्याची बावीस माणसांची टोळी माल चढवायची-उतरवायची. रघूने "धरा रे" म्हटलं की बावीस तोंडांतून "हो" यायचं, "उचला रे" म्हटलं की पुन्हा "हो", आणि चार माणसांना न हलणारं खोकं बघता बघता ट्रकमध्ये जाऊन बसायचं. टोळीत निम्मे इथले, निम्मे उत्तर प्रदेशातले. त्यांना एकमेकांची भाषा अर्धीमुर्धी कळायची, पण रघूची हाक सगळ्यांना पुरती कळायची.

हायवेच्या अलीकडे कोळणगाव आणि पलीकडे सावरपाडा. रघू सावरपाड्याचा. हायवे रुंद झाला तेव्हा कोळणगावाच्या जमिनी गोदामांना गेल्या आणि तिथे बंगले उठले. सावरपाड्याची जमीन चढावरची, खडकाळ. तिला कुणी विचारलं नाही. मग सावरपाड्याची माणसं रस्त्याखालच्या बोगद्यातून येऊन कोळणगावाच्या गोदामांत खोकी उचलू लागली. कोळणगाव म्हणतं, सावरपाडा आमच्या जिवावर जेवतो. सावरपाडा म्हणतो, सातबारा विकायला काय अक्कल लागते? लग्नाच्या पंगतीत, दवाखान्याच्या रांगेत, कुठेही दोन्हीकडची माणसं समोरासमोर आली की ही अढी वर यायची. आणि वर्षातून एकदा तिला रीतसर मैदान मिळायचं. अनंताशेठ चषक, सात-सात खेळाडूंचा फुटबॉल.

क्रिकेट सोडून फुटबॉल का, असं शेलारपासून गणेशपुरीपर्यंत सगळे विचारतात. कारण अगदी साधं आहे. क्रिकेटचे चेंडू गोदामाच्या छतावर जाऊन बसायचे, आणि ते काढायला चढलेला एक गडी पत्रा फोडून थेट साबणाच्या खोक्यांवर आला. गडी वाचला, पण साबणाचं नुकसान झालं म्हणून अनंताशेठनं क्रिकेट बंद केलं. अनंताशेठ म्हणजे गाळ्यांचा मालक, चषकाचा मालक आणि कोळणगावाच्या संघाचाही मालक. पंचाची शिट्टी तेवढी पंचाची स्वतःची होती.

यंदा फायनलला कोळणगाव आणि सावरपाडा समोरासमोर आले. गुरुवारी दुपारी शेठनं रघूला ऑफिसात बोलावून घेतलं.

"रघू, रविवारी आपल्या बाजूला पाचशे माणूस बसवतोय. सगळ्यांना निळे टी-शर्ट. पण नुसती माणसं बसवून काय उपयोग? ओरडवणारा पायजे. भोंगा तुझ्या हातात."

"शेठ, तिकडं गोलात माजा पोऱ्या उभा हाय."

"मला माहीत न्हाय काय? त्याचा खेळ त्याच्याकडं, तुझी ड्युटी तुझ्याकडं." शेठनं टेबलावरचा एक कागद रघूकडे सरकवला. त्यावर एका यंत्राचं चित्र होतं. "पुढच्या महिन्यात बेल्ट येतोय. खोकी आपोआप ट्रकपर्यंत जाणार. मग दोन टोळ्या मला कशाला? एकच ठेवीन. कुठली ठेवायची ते ठरवायचंय अजून."

शेठ यापेक्षा जास्त काही बोलला नाही आणि बोलायची गरजही नव्हती. रघूच्या डोळ्यांसमोर बावीस जण उभे राहिले. त्यात जौनपूरचा साठीचा म्हातारा होता, ज्याला दुसरी कुठलीच टोळी उभं करणार नव्हती. रघू "बरं" म्हणाला आणि बाहेर आला.

घरी त्याने ही गोष्ट जेवताना काढली. बायको माधवीनं भाकरी थापता थापता हात थांबवला. "बापानं पोराच्या नावानं बोंबलायचं? मी न्हाय येणार बघायला. कुनाच्या बाजूला बसू?"

कुणाल मात्र हसला. वीस वर्षांचा, भिवंडीच्या कॉलेजात शेवटच्या वर्षाला, हात बापासारखे पसरट. सुट्टीत तीन वर्षं तो रघूच्या टोळीत खोकी उचलायला गेला होता, त्यामुळे शेठही त्याला माहीत होता आणि बेल्टचं प्रकरणही. "ओरड की तू. तुजा आवाज मी पाळण्यात ऐकलाय. मला काय फरक पडनार?" मग म्हणाला, "फक्त आयबहिनीवर येऊ देऊ नको, बाबा. तेवढं बघ."

"ते माज्याकडं लागलं," रघू म्हणाला. त्याला खरंच वाटत होतं की ते त्याच्या हातात आहे.

रविवारी चार वाजता तो मैदानावर पोचला आणि आपण कुठे बसणार आहोत ते त्याला दिसलं. लाकडी पॅलेट एकावर एक रचून पायऱ्या केल्या होत्या. पुढे हिरवी जाळी ताणलेली, मागे चाळीस फुटी कंटेनर अगदी चिकटून उभा केलेला, म्हणजे मागच्या मागे कुणी घरी जायला नको. एका बाजूला गोदामाची भिंत. दुसऱ्या बाजूला यायची-जायची वाट, आणि त्या वाटेवरच शेठचा सोफा. रघूला अगदी पुढे, जाळीला नाक लागेल असं, एका पालथ्या पिंपावर उभं केलं. टी-शर्ट त्याच्या मापाचा नव्हता. पोटावर ताणला जाऊन त्यावरचा सात आकडा नऊसारखा दिसत होता. त्याच्या टोळीची माणसं त्याच्या पाठीशी दाटीवाटीने बसली होती आणि त्यांच्या मागे सगळं कोळणगाव.

समोर पन्नास पावलांवर सावरपाड्याचा गोल. त्यात कुणाल हातमोजे चढवत होता. त्याने बापाकडे बघून एक हात वर केला. रघूनेही भोंगा वर केला. पिंपावरून त्याला वाटलं, निभेल सगळं.

खेळ सुरू झाला आणि घोषणाही सुरू झाल्या. घोषणा बांधायचं काम भूपेशकडे होतं. भूपेश म्हणजे टोळीतला तिशीचा गडी, कोळणगावचाच, हसवण्यात पटाईत, आणि कुणाला किती लागतं याचं भान त्याला कधीच नसायचं. तो मागून रघूच्या कानात ओळ सांगायचा, रघू ती भोंग्यातून फेकायचा आणि पाचशे जण तिला जोड द्यायचे.

"हाताला लावलंय लोणी!"

"गोल खाल्ले दोन्ही!"

खरं तर तोवर एकही गोल झाला नव्हता. पण घोषणेला कोण पुरावा मागतो? पलीकडून सावरपाड्याच्या बायाही काही कमी नव्हत्या. त्यांनी कंबर कसून उत्तर दिलं:

"जमीन विकून घेतली गाडी, अक्कल विकायची राहिली थोडी!"

यावर निळे लोक पाय आपटू लागले. पॅलेट हलले. कुणीतरी बांगड्यांचं पुडकं जाळीवरून मैदानात भिरकावलं आणि "भरा रे यांना" म्हणून ओरडलं. रघूनं मागं वळून दम दिला, "असलं काय फेकू नका!" आणि तेवढ्यापुरतं लोकांनी ऐकलं. पहिल्या अर्ध्या वेळात दोन्हीकडे एकेक गोल झाला. कुणालनं तीन चेंडू अडवले. तिसरा अडवला तेव्हा रघूच्या घशातून "वा!" निघता निघता राहिलं, आणि त्याने ते खोकला काढून झाकलं. कुणी बघितलं नाही. तो स्वतःवरच खूश झाला. दोन्ही दगडांवर पाय ठेवून आपण किती छान उभे आहोत, असं त्याला वाटलं.

दुसरा अर्धा वेळ सुरू होताना भूपेश कानाशी आला. हसू त्याच्या तोंडात मावत नव्हतं. "उस्ताद, नवीन बांधलंय. तुमी फक्त म्हना, 'कोंबडा आला, कोंबडा आला'. बाकीचं पब्लिकला पाठ करून दिलंय."

रघूनं विचार केला नाही. तीस वर्षं हाक देणाऱ्या माणसाचं तोंड हुकमी असतं, ओळ आली की बाहेर पडते. त्याने भोंगा लावला. "कोंबडा आला, कोंबडा आला!"

"कीपर कणगीत पळाला!" पाचशे जण म्हणाले.

रघू झटकन मागे वळला. भूपेशनं मागून दुसरी ओळ स्वतःच फेकली, "कणगीत काय उद्योग केला?"

"भात सगळा ओला केला!" आणि मग सगळ्यांनी मिळून बांग दिली, "कुकूचकूऽऽ!"

ही गोष्ट खरी होती. कुणाल पाच वर्षांचा असताना शेजारच्या कोंबड्यानं त्याला अंगणभर पळवला होता. पोरगं घाबरून भाताच्या कणगीत जाऊन लपलं आणि तिथेच झोपी गेलं. दिवसभर सगळा पाडा त्याला शोधत फिरला. विहिरीत गळ टाकून झाला. संध्याकाळी माधवीला तो कणगीत सापडला, तेव्हा त्याने भीतीने भात भिजवलेला होता. माधवीनं त्या भाताची वाच्यता कुठे केली नाही. गावाला सांगितलं, पोरगं माळ्यावर झोपलं होतं. खरी गोष्ट त्या घरातल्या तिघांनाच माहीत होती. म्हणजे, गेल्या दिवाळीपर्यंत तिघांनाच. दिवाळीच्या आदल्या दिवशी गाळ्यात चहा आला, टोळी खोक्यांवर टेकली, आणि रघूनं पोराचं कौतुक करता करता, तो आता एवढा बापय गडी झालाय पण लहानपणी कसा होता बघा, म्हणून ती गोष्ट रंगवून सांगितली. सगळे पोट धरधरून हसले होते. रघूही हसला होता.

मैदानात कुणाल वळला. चेंडू तिकडे लांब होता, त्याने तिकडे बघायला हवं होतं. पण तो जाळीपलीकडच्या पिंपाकडे बघत होता. त्याच्या चेहऱ्यावर राग असता तरी रघूला बरं वाटलं असतं. पोरगा नुसता समजून घेतल्यासारखा बघत होता. मग त्याने मान फिरवली.

रघूनं भोंगा खाली केला. "भूपेश, हे बंद कर. आत्ताच्या आत्ता."

"काय उस्ताद, पब्लिकला केवढं आवडलंय!"

"माज्या पोराची गोष्ट हाय ती."

"म्हनून तर!" भूपेश म्हणाला. त्याला खरोखरच काही वावगं दिसत नव्हतं.

घोषणा थांबली नाही. पाचशे माणसांना एकदा चाल सापडली की त्यांना मुकादम लागत नाही. रघू पिंपावरून उतरायला गेला. पुढे जाळी होती, ती खांबांना तारेने घट्ट बांधलेली. मागे त्याचीच माणसं गुडघ्याला गुडघा लावून बसलेली, त्यांच्यामागे कंटेनर. राहता राहिली ती शेठच्या सोफ्यासमोरची वाट. त्याने तिकडे बघितलं तर शेठ त्याच्याकडेच बघत होता. शेठनं दोन बोटं उचलून गोल फिरवली. चालू दे.

"उस्ताद," जौनपूरचा म्हातारा खालून हळूच म्हणाला, "बोलिए ना. शेठ देख रहे हैं. हम लोग का भी सोचिए."

रघूनं त्याच्याकडे पाहिलं. म्हाताऱ्याच्या निळ्या टी-शर्टाला अजून घडीच्या रेषा होत्या. बाकीची टोळीही वर बघत होती, खोकं उचलण्याआधी बघते तशी, तोंड अर्धं उघडून. रघूला स्वतःची इतकी लाज कधी वाटली नव्हती. त्याने भोंगा तोंडाला लावला आणि म्हणाला, "कोंबडा आला, कोंबडा आला."

पुढची वीस मिनिटं त्याने हेच केलं. मधे एकदा चाल बदलून बघितली, लोण्याची जुनी घोषणा दिली, तर लोकांनी तिलाही कणगीचीच जोड दिली. मधे एकदा आवाज बसल्याचं नाटक केलं, तर भूपेशनं पाण्याची बाटली पुढे केली. समोरच्या बाजूला सावरपाड्याची माणसं आता त्याच्याकडे बोट दाखवून एकमेकांना काहीतरी सांगत होती. कुणालचा खेळही बिघडला. साधा चेंडू त्याच्या हातातून दोनदा निसटला, आणि दोन्ही वेळा नशिबाने बाहेर गेला. दर वेळी पाचशे कोंबडे आरवले.

शेवटची दोन मिनिटं उरली असताना सावरपाड्याच्या एका पोराच्या हाताला चेंडू लागला. पंचानं शिट्टी फुंकली आणि गोलासमोरच्या ठिपक्याकडे बोट केलं. पेनल्टी.

निळी बाजू उभी राहिली. पॅलेट करकरले. कोळणगावाचा पुढचा खेळाडू चेंडू ठेवून मागे आला. कुणाल रेषेवर उभा होता, खांदे पडलेले, डोळे चेंडूवर. बांगा चालू होत्या. रघूनं भोंगा छातीशी धरला आणि मनातल्या मनात म्हसोबापासून वज्रेश्वरीपर्यंत सगळ्यांना हाका घातल्या. आता त्याला बेल्ट दिसत नव्हता, टोळी दिसत नव्हती. त्याला एवढंच पाहिजे होतं की या पोरानं हा एक चेंडू धरावा.

शिट्टी झाली. खेळाडू धावत आला आणि उजव्या कोपऱ्यात जोरात मारलं. कुणाल लांबच लांब झेपावला. चेंडू त्याच्या दोन्ही हातांत बसला. नुसता अडला नाही, धरला गेला. कुणाल चेंडू छातीशी घेऊनच उठला आणि उभा राहिला.

निळ्या बाजूचा आवाज एकदम बंद पडला. पाचशे माणसं तोंड उघडं टाकून गप्प झाली. आणि त्या शांततेत रघूला कसलंच भान राहिलं नाही. भोंगा त्याच्या हातातून कधी पडला ते कळलं नाही. छाती फुटेल एवढ्या अभिमानानं तो स्वतःच्या, भोंग्याशिवायच्या आवाजात ओरडला:

"कुणाऽल!"

आता इथे एक गोष्ट सांगायला हवी. ती गोदामात काम केलेल्यांनाच ठाऊक असते. मालाच्या थप्पीखाली उभं राहून काम करताना रघूच्या टोळीत कुणी कुणाला नावानं हाक मारत नाही. ए भाऊ म्हणतील, उस्ताद म्हणतील, लाल टोपी म्हणतील, शिव्या देतील. नाव घ्यायचं ते एकाच वेळी. थप्पी कलली की. मुकादमानं नुसतं नाव घेतलं, पुढेमागे काही न बोलता, की त्या माणसानं विचारायचं नाही, वर बघायचं नाही. हातात असेल ते टाकायचं आणि दोन पावलं मागे सरायचं. नवीन गड्याकडून रघू हे आठ-आठ दिवस घोटवून घ्यायचा. कुणालकडूनही घेतलं होतं. कामाला लागल्याच्या दुसऱ्या उन्हाळ्यात फ्रिजच्या खोक्यांची थप्पी कलली, रघूनं "कुणाल" म्हटलं, पोरगा हातातलं टाकून मागे सरला, आणि तो जिथे उभा होता तिथे अकरा फ्रिज येऊन पडले. त्या रात्री माधवीनं नवऱ्याची दृष्ट काढली होती.

कुणालनं चेंडू टाकला. दोन पावलं मागे सरला.

चेंडू त्याच्या पुढ्यात टप्पा खाऊन लोळला. धावत आलेल्या कोळणगावच्या खेळाडूचा स्वतःच्या डोळ्यांवर विश्वास बसला नसावा, कारण तो क्षणभर अडखळला. मग त्याने पायाच्या अंगठ्यानं चेंडू ढकलला आणि तो गोलाच्या जाळीत गेला. पंचानं गोल दिला आणि पाठोपाठ खेळ संपल्याची शिट्टी फुंकली.

पुढे काय झालं ते रघूला नीट आठवत नाही. त्याच्या पायाखालचं पिंप गेलं. तो पडला नाही, कारण त्याच्या बावीस माणसांनी त्याला झेलून वर उचललं. "उस्ताद! उस्ताद!" उचलण्यात त्यांचा हात धरणारं कुणी नव्हतं, एवढी वर्षं त्यानेच शिकवलं होतं. तारा तोडून जाळी पाडली गेली आणि लोक त्याला खांद्यावर घेऊनच मैदानात घुसले. तो "सोडा, सोडा मला" म्हणत होता. ते त्याच्या मांड्या आणखी घट्ट धरत होते. भूपेश नाचत ओरडत होता, "मान गये उस्ताद! स्वतःच्या पोऱ्याला थप्पीची हाक दिली!"

टोळीला कळलं होतं. हाकेचा अर्थ त्यांना माहीत होता, फक्त ती का मारली हे माहीत नव्हतं. आणि त्यांना ते कळून घ्यायचंही नव्हतं, कारण त्यांच्या मनातलं कारण कितीतरी मजेचं होतं.

शेठ माइक घेऊन समोर आला. त्याला भूपेशनं सगळं समजावलं असावं, कारण तो हसून हसून लाल झाला होता. "बघा! ह्याला म्हणतात कंपनीचा माणूस! रघू, बेल्ट येऊ दे नाहीतर आणखी काय येऊ दे, तुझी टोळी हलत न्हाय. बोल, दोन शब्द बोल. कसं सुचलं तुला?"

माइक वर, रघूच्या तोंडाशी आला. खांद्यांवरून त्याला सगळं मैदान दिसत होतं. सावरपाड्याचे खेळाडू खाली मान घालून कडेला उभे होते. कुणाल त्यांच्यापासूनही वेगळा, हातमोजे काढत होता. रघूला वाटलं, आत्ता खरं बोललो तर सगळं निस्तरेल. टोळी गेली तर जाईल.

"मी न्हाय फसवलं," तो माइकमध्ये म्हणाला. आवाज सगळ्या मैदानभर गेला. "आईशप्पत सांगतो. पोरानं चेंडू धरला, मला आनंद झाला. आनंदानं हाक मारली मी. मी इसरलो... इसरलो की नाव घ्यायचं न्हाय."

मग शेठ खो खो हसत सुटला. त्याच्या पाठोपाठ सगळे हसले. असा साळसूद चेहरा करून बोलणारा माणूस त्यांनी पाहिला नव्हता. आणि भूपेशनं, त्याला तरी काय म्हणावं, तिथल्या तिथे ओळ बांधली:

"मुकादमाला आनंद झाला!"

"चेंडू जाळ्यात निघून गेला!"

पाचशे माणसांनी ती उचलली. रघू वरून "न्हाय, न्हाय" म्हणून हात हलवत होता. लोकांना वाटलं तो ताल देतोय.

त्याला खाली उतरवलं तेव्हा कुणाल मैदानात नव्हता. रघू कुणाशी न बोलता गर्दीतून निघाला. सावरपाड्याकडे जायला बोगदा हीच वाट. गावची माणसं पुढे चालली होती. तो निळा टी-शर्ट दिसला की ती बाजूला सरून त्याला जागा देत होती. नेहमी चेष्टा करणाऱ्या बायाही आज गप्प होत्या. त्याने टी-शर्ट काढून टाकला असता, पण उघड्या अंगानं पोरासमोर जायचं त्याला धाडस झालं नाही.

बोगद्यात नेहमीसारखं पाणी साचलेलं होतं. कडेला दगड टाकून एका माणसापुरती वाट केलेली. कुणाल बोगद्याच्या मधोमध पोचला होता, एकेक दगड बघून पाय टाकत. वर हायवेवरून ट्रेलर जात होते आणि त्यांचा दणका छतातून खाली उतरत होता. रघूनं तोंड उघडलं. आणि मिटलं.

त्याला हाक मारता येईना. काय म्हणून हाक मारायची? तीस वर्षं ज्या गळ्यावर तो जेवला, तो गळा त्याला आज उपयोगाचा नव्हता. मग तो पाण्यात उतरला. गुडघाभर काळ्या पाण्यातून, चप्पल एका पायातली गेली ती गेलीच, तो धापा टाकत पोराच्या पुढे गेला आणि दगडांच्या वाटेसमोर वळून उभा राहिला.

कुणाल थांबला.

"मी मुद्दाम न्हाय केलं," रघू म्हणाला. "तुज्या आईची शपथ. तू धरलास रं तो. काय धरलास! मला ऱ्हावलं न्हाय."

"माहीत हाय."

"माहीत हाय?"

"माइकवर बोललास ते ऐकलं मी. आनि तुजा आवाज मला कळतो. थप्पीची हाक येगळी असते, तुजा गळा सुकलेला असतो तवा." कुणाल हातातले मोजे पिळत होता. ते कोरडेच होते, तरी पिळत होता. "पन ते मागनं कळलं. हात आधीच सुटले होते."

रघूला रडू आलं. पोराला कळलंय, एवढ्यानं त्याचा जीव भांड्यात पडला. आता घरी जाऊ, माधवी ओरडेल, दोन दिवस गाव तोंड फिरवेल आणि मग सगळं निवळेल, असं भराभर त्याच्या मनात आलं. "कणगीचं बी माजं चुकलं," तो म्हणाला. "पुन्हा कुनाला काय सांगनार न्हाय. चल. चल घरी."

कुणाल हलला नाही.

"बाबा, सोमवारपास्नं परीक्षेपर्यंत मी पुन्हा टोळीत येनार होतो."

"मग ये की. टोळी ऱ्हाणार हाय, शेठनं सगळ्यांसमोर सांगितलंय."

"ऱ्हाऊ दे." वरून एक ट्रेलर गेला, तो जाईपर्यंत कुणाल थांबला. मग त्याने विचारलं, भांडणाच्या सुरात नाही, खरंच उत्तर पाहिजे असल्यासारखं विचारलं, "थप्पीखाली मी उभा असन, आनि तू माजं नाव घेशील, तर मी आता काय करायचं? सोडायचं का थांबून बघायचं, तुला आनंद झालाय का काय ते?"

उत्तर रघूला माहीत होतं. कुठल्याही मुकादमाला माहीत असतं, जो क्षणभर थांबून बघतो त्याला टोळीत घ्यायचं नसतं. मागे बोगद्याच्या तोंडाशी टोळीतली माणसं त्याला शोधत आली होती आणि "उस्ताद, ओ उस्ताद, शेठ बुला रहे हैं" म्हणून हाका मारत होती.

"तू नको येऊ," रघू म्हणाला आणि पोराला वाट देण्यासाठी बाजूला झाला.